रिझोल्यूशन प्रोफेशनल घराची झडती घेऊ शकतो का? (अडकलेल्या जामीनदाराचा प्रश्न)

सायझिंगवाला | 9 जून 2025, रात्री 11:42

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि क्रिकेटच्या धाग्यांवरच असतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तोही झोप उडाली म्हणून.

मी इचलकरंजीचा. 2018 साली मेव्हण्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला एका बँकेने चार कोटींची कॅश क्रेडिट लिमिट दिली, तेव्हा मी जामीनदार म्हणून सह्या केल्या. कंपनीत माझा एक शेअरसुद्धा नाही. सासऱ्यांनी बोलावलं, चहा झाला, जिथे पेन्सिलीने फुल्या होत्या तिथे सह्या ठोकल्या. कंपनी दीड वर्षापूर्वी एनसीएलटीत, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणात, गेली. आता बँकेने माझ्यावरही दिवाळखोरी संहितेच्या कलम 95 खाली अर्ज केलाय.

मागच्या आठवड्यात रिझोल्यूशन प्रोफेशनलचा (आरपी, म्हणजे हा अर्ज तपासायला नेमलेला माणूस) ईमेल आला. तीन वर्षांची बँक स्टेटमेंट्स, इन्कम टॅक्स रिटर्न, मालमत्तेची यादी आणि बायकोच्या खात्यांचा तपशील, सगळं सात दिवसांत. ते एकवेळ ठीक. पण काल त्यांच्या ऑफिसमधून एका मुलाचा फोन आला: "साहेब इन्स्पेक्शनला येणार आहेत, घरी कोणीतरी असू द्या." तेव्हापासून आई डबे उघडून दागिने मोजतेय आणि बायको माझ्याशी बोलत नाही.

तर प्रश्न असे. हा माणूस घरी येऊ शकतो का? कपाट उघडायला लावू शकतो का? पोलीस आणू शकतो का? बायकोचं खातं त्याला का दाखवायचं?

---

खडूस काका | 9 जून, रात्री 11:58

जामीन राहू नये हे आमचे वडील दर दिवाळीला सांगायचे. आता उपयोग नाही, तरी सांगून ठेवतो.

वेंधळी | 10 जून, सकाळी 7:15

काका, जखमेवर मीठ चोळायची ही वेळ आहे का? सायझिंगवाला, घाबरू नका. इथे दोनतीन वकील आहेत, येतील. आईंना चहा द्या.

ठोकताळे | 10 जून, सकाळी 8:40

माझ्या माहितीप्रमाणे आरपी म्हणजे कोर्टाचाच माणूस. पोलीस बंदोबस्त घेऊन येतात, कुलूप तोडून ताबा घेतात. आमच्या गल्लीत गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलंय, तहसीलदार ऑफिसची माणसं, दोन महिला पोलीस, पंचनामा, सगळं. तेव्हा दागिने आधी हलवा.

काळा कोट | 10 जून, सकाळी 9:20

ठोकताळे, तुम्ही पाहिलंत ते खरं, पण ते दुसरं काहीतरी होतं. तो सरफेसी कायद्याखालचा ताबा. घर गहाण असेल तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 14 खाली अर्ज करते आणि त्यांच्या आदेशाने पोलीस येतात. त्याचा रिझोल्यूशन प्रोफेशनलशी संबंध नाही. आणि "दागिने हलवा" हा सल्ला कृपया मागे घ्या. त्यानेच माणूस आत जातो.

सायझिंगवाला, दुपारी सविस्तर लिहितो. तोवर दोन गोष्टी सांगा. तुमच्याविरुद्धच्या अर्जावर न्यायाधिकरणाचा कलम 100 खालचा, म्हणजे अर्ज स्वीकारल्याचा किंवा फेटाळल्याचा, आदेश झाला आहे का? आणि ईमेल पाठवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आहे का?

ठोकताळे | 10 जून, सकाळी 9:31

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सायझिंगवाला | 10 जून, सकाळी 10:05

कलम 100 चं काही माहीत नाही. आदेशाची प्रत आहे, त्यात या गृहस्थांची नेमणूक झाली आणि दहा दिवसांत अहवाल द्या, एवढंच आहे. नोंदणी क्रमांक ईमेलच्या तळाशी आहे.

---

काळा कोट | 10 जून, दुपारी 2:47

मग तुम्ही अगदी पहिल्या पायरीवर आहात. लोक नेमके इथेच गडबडतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे वैयक्तिक दिवाळखोरीचे दोन संसार एकाच वेळी चालू आहेत. 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. म्हणजे तुम्हाला लागू, पण क्रेडिट कार्डाच्या कर्जात बुडालेल्या तुमच्या शेजाऱ्याला नाही. त्याच्यासाठी अजून ब्रिटिशांचेच कायदे: मुंबई शहरात 1909 चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, बाकी महाराष्ट्रात 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. नव्या संहितेत हे दोन्ही रद्द करणारं कलम 243 लिहिलेलं आहे, फक्त ते अमलात आणलेलं नाही. जामीनदारांनाच वेगळं काढलं म्हणून बरेच जण सुप्रीम कोर्टात गेले. 21 मे 2021 ला कोर्टाने ती अधिसूचना वैध ठरवली.

आता तुमचा आरपी. अर्ज दाखल झाल्यावर आणि न्यायाधिकरणाने तो स्वीकारण्याआधी त्याची नेमणूक होते. त्याचं काम एकच: अर्ज तपासायचा आणि तो मंजूर करावा की फेटाळावा याची शिफारस करणारा अहवाल द्यायचा. कलम 99 त्याला विचारायचा अधिकार देतं. तुमच्याकडून, बँकेकडून आणि "ज्याच्याकडे माहिती असू शकेल अशा अन्य व्यक्तीकडून" तो माहिती किंवा स्पष्टीकरण मागू शकतो, आणि ज्याला विचारलं त्याने सात दिवसांत द्यायचं. झडती, कुलूप, पोलीस यातला एकही शब्द त्या कलमात नाही.

9 नोव्हेंबर 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने याच कलमांवर निकाल दिला. जामीनदारांची तक्रार होती की आमचं ऐकून न घेताच हा माणूस आमच्या मागे लावला जातो. कोर्टाने कलमं वैध ठरवली, पण त्याच निकालात आरपीची उंचीही मापून दिली. तो न्यायनिवाडा करत नाही, त्याचा अहवाल शिफारशीपुरता, न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही. आणि तो माहिती मागू शकतो ती अर्जाच्या तपासणीपुरती. जामीनदाराच्या सगळ्या व्यवहारांत मोकाट हिंडायचा परवाना तो नव्हे.

तेव्हा "इन्स्पेक्शन" हा शब्द त्या ऑफिसातल्या मुलाने स्वतःच्या मनाने वापरलाय. साहेब घरी आलेच तर चहा पाजा, बाहेरच्या खोलीत बसवा, मागितलेले कागद द्या, पोच घ्या. कपाट उघडायला सांगितलं तर नम्रपणे म्हणा, लेखी मागा.

वेंधळी | 10 जून, दुपारी 3:02

वाचनखूण साठवली. कोट साहेब, पण मग त्याला काहीच दिलं नाही तर?

काळा कोट | 10 जून, दुपारी 3:26

नका तसं करू. तो अहवालात लिहील की जामीनदाराने सहकार्य केलं नाही. वर न्यायाधिकरणाला दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत: समन्स काढून बोलावणं, शपथेवर विचारणं, कागद हजर करायला लावणं. आरपीला दात नाहीत, पण ज्याच्याकडे आहेत त्याच्या दारात तो रोज जातो.

आणि खोटं तर मुळीच देऊ नका. आरपीला महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिली तर कलम 184 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

---

ताळेबंद | 10 जून, रात्री 9:10

मी सीए आहे आणि स्वतः नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल आहे. म्हणजे या धाग्यावरची खलनायिका. दोन शब्द आमच्या बाजूने.

आम्हाला खरंच दहाच दिवस मिळतात. त्यात जामीनदार फोन उचलत नाही, बँक अर्धवट स्टेटमेंट पाठवते, आणि आमच्या ऑफिसातली मुलं धाक बसावा म्हणून "इन्स्पेक्शन", "रेड" असले शब्द वापरतात. हे चूक आहे, मी माझ्या पोरांना यावरून झापलेलं आहे. सायझिंगवाला, आयबीबीआय, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारं दिवाळखोरी मंडळ, त्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यक्तींची यादी आहे. तिथे नाव, क्रमांक आणि काम घेण्याची परवानगी चालू आहे का ते तपासा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोट साहेब म्हणतात की झडतीचा शब्द कलम 99 मध्ये नाही. बरोबर. पण जागेत शिरून कागद जप्त करण्याचा अधिकार याच संहितेत आहे, कलम 218 मध्ये. आणि तो आहे आमच्याविरुद्ध! कुणी तक्रार केली किंवा मंडळाला संशय आला तर मंडळ तपास अधिकारी नेमतं. तो अधिकारी आमच्याकडून कागद मागू शकतो, कारण देऊन तिसऱ्या माणसाकडूनही मागू शकतो, जिथे कागद असतील असं वाटेल त्या इमारतीत शिरू शकतो, जप्त करू शकतो आणि तपास संपेपर्यंत ताब्यात ठेवू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मधले (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 103) झडतीचे नियम, म्हणजे पंच वगैरे, तिथे लागू होतात. दोष सिद्ध झाला तर नुकसानीच्या किंवा गैरलाभाच्या तिप्पट दंड, रक्कम मोजता येत नसेल तर एक कोटीपर्यंत, शिवाय नोंदणी निलंबित किंवा रद्द.

म्हणजे झडती घेणारा "इन्स्पेक्टर" खरा आहे, फक्त तो तुमच्या घरी नाही, माझ्या ऑफिसात येतो.

खडूस काका | 10 जून, रात्री 9:24

वा! चोराच्या घरी चोरी.

ताळेबंद | 10 जून, रात्री 9:30

काका 😀 चोर म्हणालात त्याबद्दल तुमच्यावरच कलम 217 लावते. (ते तक्रारीचं कलम आहे, ज्यांना वापरायचंय त्यांनी वापरा. पण "मला नोटीस आली म्हणून राग आला" एवढ्यावर तक्रार टिकत नाही. त्यासाठी आरपीने कायदा किंवा नियम मोडलेला असावा लागतो.)

---

नाझर निवृत्त | 11 जून, सकाळी 6:05

मंडळी, मी जिल्हा न्यायालयात नाझर शाखेत एकोणतीस वर्षे काढली. तुमच्या नव्या संहितेतले मला कळत नाही, पण 1920 च्या कायद्याचे अर्ज हाताखालून गेले आहेत. आम्ही त्याला नादारीचा अर्ज म्हणत असू. हल्लीच्या मुलांना वाटते नादारी म्हणजे शाळेतली फीमाफी. ती वेगळी, जरी दोन्हीकडे खिसा रिकामाच.

पाचशे रुपयांच्या कर्जावर हा अर्ज करता येतो, रक्कम 1920 पासून तशीच. न्यायालयाने नादार जाहीर केले की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. मग रिसीव्हर यादी करायला घरी जातो. तिथे मात्र तुमच्या आरपीसारखे नसते. मालमत्ता त्याच्याकडे निहित झालेली असते, त्यामुळे तो विचारत नाही, घेतो. पण सगळे घेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये सोडायच्या वस्तूंची यादी आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल, बियाणे, आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचा नसतो असा दागिना. सायझिंगवाल्यांच्या आईंना हे सांगा.

एकदा एका सुताराच्या घरी रंधा यादीत धरायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. मी म्हणालो, रंधा त्याचा हात आहे, हात जप्त होत नाही. रिसीव्हर वकील होते, हसले आणि खोडले.

वेंधळी | 11 जून, सकाळी 7:40

नाझरकाका, दंडवत. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते.

इतिहासवेडा | 11 जून, सकाळी 11:18

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. 1909 च्या मुंबईच्या कायद्यातले अधिकार वाचलेत तर आजचे आरपी गरीब गाय वाटतील. त्यातल्या कलम 59 प्रमाणे कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी नादाराचं घर, खोली, पेटी फोडून माल जप्त करू शकतो. माल दुसऱ्याच्या घरात लपवल्याची खात्री पटली तर त्या घरासाठीही झडतीचं वॉरंट. कलम 35 खाली नादाराची टपालातली पत्रं परस्पर ऑफिशियल असाइनीकडे (नादाराची मालमत्ता ज्याच्या ताब्यात जाते तो अधिकारी) वळवता येतात. कलम 36 खाली नादारालाच नाही, ज्याच्याकडे त्याचा माल असल्याचा संशय आहे अशा कुणालाही बोलावून विचारता येतं. आणि कलम 27 ची जाहीर तपासणी: उघड्या कोर्टात नादाराला उभं करून त्याचं वागणं, व्यवहार, मालमत्ता याबद्दल प्रश्न विचारायचे, धनकोंनीही विचारायचे. उत्तरं लिहून घ्यायची, नादाराची सही घ्यायची, आणि तीच उत्तरं पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायची.

आपल्या मुलुखात याची दुसरी बाजूही आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि खतं जाळली. त्यानंतर 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यात कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, शेतकऱ्याच्या नादारीसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि सावकाराला हिशेब दाखवायला लावला. एका कायद्यात ऋणकोची पत्रं फोडायची, दुसऱ्यात सावकाराची वही उघडायची.

काळा कोट | 11 जून, दुपारी 12:30

छान माहिती. फक्त वाचणाऱ्यांचा गैरसमज नको: वॉरंट कोर्ट काढतं, असाइनी स्वतःच्या मनाने कुणाचं दार फोडू शकत नव्हता. तेव्हाही आणि आताही.

---

कर्जबाजारी बबन | 12 जून, रात्री 10:50

मला एका लोन ॲपवाल्या बाईचा फोन येतो. ती म्हणते "मी इन्सॉल्व्हन्सी इन्स्पेक्टर बोलतेय, उद्या जप्तीला येतेय, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर नाव लावणार". कर्ज बावीस हजार. ती खरी असेल का हो?

ताळेबंद | 12 जून, रात्री 11:04

नाही. सरळ नाही. बावीस हजारांच्या वैयक्तिक कर्जाला आमच्या संहितेचा भाग तीन लागूच नाही. अगदी गरिबांसाठी "फ्रेश स्टार्ट" नावाची तरतूद कागदावर आहे, वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत, पण तीही सुरू झालेली नाही. "इन्सॉल्व्हन्सी इन्स्पेक्टर" असं पदच आपल्याकडे नाही. ती वसुली एजंट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही. कॉल रेकॉर्ड करा. बँक किंवा एनबीएफसी कोण आहे ते लेखी विचारा, तक्रार तिथे करा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

कर्जबाजारी बबन | 12 जून, रात्री 11:09

ती रात्री साडेनऊला फोन करते.

वेंधळी | 12 जून, रात्री 11:11

मग तेच पहिलं वाक्य तक्रारीचं.

---

मांडवीकाठ | 13 जून, सकाळी 9:00

मी पणजीहून. आमच्याकडे लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, पोर्तुगीज नागरी संहितेमुळे. आयकर खातंसुद्धा पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं धरतं. मग जामीन नवऱ्याने दिला तर आरपी बायकोच्या अर्ध्याबद्दलही विचारणार?

काळा कोट | 13 जून, सकाळी 10:15

विचारू शकतो, कारण नवऱ्याचं काय आणि किती हे कळल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. हात लावणं वेगळं. तुमच्या लग्नाच्या वेळी मालमत्तेबद्दल वेगळा करार झाला होता का, जामीनखतावर पत्नीची सही आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढचं बोलणार नाही. गोव्यातल्याच वकिलाला कागद दाखवा.

सायझिंगवाला | 13 जून, रात्री 8:22

धन्यवाद सगळ्यांना. क्रमांक तपासला, माणूस खरा आहे. कागद गोळा करतोय. बायकोच्या खात्याबद्दल मात्र अजून अडतंय. ती म्हणते माझा काय संबंध, माझा पगार वेगळा.

आणि एक राहिलंच सांगायचं. नोव्हेंबर 2023 मध्ये आमचा राहता फ्लॅट मी तिच्या नावे बक्षीसपत्राने केला होता. 200 रुपयांचं मुद्रांक शुल्क आणि वरचा किरकोळ खर्च. तेव्हा मेव्हण्याची कंपनी डळमळीत आहे हे ऐकून होतो, पण तो हेतू नव्हता, सासूबाईंनीच सुचवलं होतं. हे आरपीला सांगावं लागेल का?

खडूस काका | 13 जून, रात्री 8:25

आलं बाहेर.

काळा कोट | 13 जून, रात्री 9:40

सायझिंगवाला, हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. आता नीट वाचा.

आरपी आत्ता तो फ्लॅट घेऊ शकत नाही. त्याने विचारलं तर खरं सांगा. बक्षीसपत्र नोंदणीकृत आहे, सूची दोनचा उतारा कुणीही काढू शकतं, लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. बायकोच्या खात्याबद्दल विचारायचं कारणही हेच. तिच्या पगारात कुणाला रस नाही, तुमच्याकडून तिच्याकडे काय गेलं यात आहे. तेव्हा तिचं अख्खं पासबुक न देता, त्या काळात तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात झालेले व्यवहार द्या आणि जास्त हवं असेल तर कोणत्या मुद्द्यासाठी ते लेखी विचारा.

खरी गोष्ट पुढच्या पायरीची आहे. न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारला की 180 दिवसांची स्थगिती लागते आणि तुम्हाला परतफेडीची योजना मांडायची संधी मिळते. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी रकमेने तीन चतुर्थांशहून अधिक जणांनी होकार दिला तर योजना चालते. नाही जमलं तर दिवाळखोरीचा आदेश होऊ शकतो आणि मग येतो बँकरप्टसी ट्रस्टी. तुम्ही ज्याला घाबरता आहात तो माणूस हा. कलम 149 त्याला तुमच्या सगळ्या व्यवहारांची चौकशी करायला सांगतं, कलम 154 ने मालमत्ता त्याच्या नावे निहित होते. कलम 156 प्रमाणे तुम्ही, तुमची बँक, तुमचा एजंट, ज्याच्याकडे मालमत्ता किंवा वह्या असतील त्याने त्या त्याला द्यायच्या. परवानगीशिवाय परदेशी जाता येत नाही, कंपनीत संचालक राहता येत नाही. आणि कलम 164 प्रमाणे तो दोन वर्षांत कवडीमोलाने किंवा फुकट दिलेल्या व्यवहारांवर बोट ठेवू शकतो. बायको म्हणजे कायद्याच्या भाषेत "सहयोगी", तिथे संशय आधीच तुमच्याविरुद्ध झुकलेला असतो.

ही दोन वर्षं दिवाळखोरीच्या अर्जाच्या तारखेपासून मागे मोजतात. तुमच्या बाबतीत तो अर्ज अजून झालेलाच नाही. पण "मग दोन वर्षं ढकलू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. धनकोंना फसवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खालीही रद्द करून घेता येतं, आणि तुम्ही तारखा ताणताय हे न्यायाधिकरणाला दिसतं.

ताळेबंद | 13 जून, रात्री 10:02

कोट साहेबांशी सहमत. एक भर: बँकेने तुमच्या नावावर दाखवलेली रक्कम तपासलीत का? अर्ज बँकेचा असेल तर आरपी तुम्हाला परतफेडीचा पुरावा मागू शकतो, म्हणजे खात्यातून गेलेले पैसे, वटलेले चेक, बँकेची सहीची पोच. लोक घाबरून मालमत्तेच्या याद्या करत बसतात आणि हे विसरतात. कंपनीच्या दिवाळखोरीतून बँकेला काही रक्कम मिळाली असेल तर तीही तुमच्या आकड्यातून वजा झाली आहे का ते विचारा. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात ती वजा व्हायची राहिली होती.

ठोकताळे | 13 जून, रात्री 10:20

आणि अर्ज दाखल झाला की चेक बाउन्सची केससुद्धा थांबते ना?

काळा कोट | 13 जून, रात्री 10:33

नाही. अर्ज दाखल झाल्यापासून कर्जाबाबतच्या कारवाया थांबतात हे खरं, कलम 96. पण सुप्रीम कोर्टाने याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं की चेक बाउन्सचा फौजदारी खटला त्यात येत नाही. ठोकताळे, तुमचं नाव अगदी शोभून दिसतं.

नाझर निवृत्त | 14 जून, सकाळी 5:50

कोट साहेबांनी दोन वर्षांचे सांगितले. 1920 च्या कायद्यातही कलम 53 मध्ये दोनच वर्षे होती. संहिता नवी आली, पण नवऱ्याने बायकोच्या नावे घर करण्याची सवय जुनीच, म्हणून मुदतही तीच ठेवली असावी.

---

सायझिंगवाला | 2 जुलै 2025, संध्याकाळी 6:30

धागा वर काढतोय, हालहवाल सांगायला.

वकील केला. उत्तर सातव्या दिवशी पाठवलं, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने. बक्षीसपत्राची प्रतही जोडली. बायको तयार होत नव्हती. तिला कोट साहेबांचा प्रतिसाद वाचायला दिला, तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "सूची दोन कुणीही काढू शकतं तर मग लाव."

आरपी घरी आले. एकटेच आले, बाहेरच्या खोलीत बसले, कांदेपोहे घेतले. पस्तीस मिनिटांत उठले. कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना आईला नमस्कार केला. आईने नंतर विचारलं, हे का तुमचे इन्स्पेक्टर?

ताळेबंद ताई, तुमच्यामुळे आकडा तपासला. बँकेला कंपनीच्या यंत्रांच्या विक्रीतून आलेले अठ्ठावीस लाख अर्जात वजा केलेलेच नव्हते. आरपींनी ते अहवालात लिहिलंय, अहवालाची प्रत मिळाली. अर्ज मंजूर करावा अशीच शिफारस आहे, पण आकडा कमी झाला. पुढची तारीख 21 जुलै.

मेव्हणा अजून फोन उचलत नाही.

वेंधळी | 2 जुलै, संध्याकाळी 6:41

अठ्ठावीस लाख!! ताळेबंद ताई, सायझिंगवाल्यांच्या घरचे कांदेपोहे तुमचे.

ताळेबंद | 2 जुलै, रात्री 8:15

नको गं. खलनायिकेने प्रकरणातल्या माणसाच्या घरी खाल्लं की कुणीतरी 217 लावतं. 21 तारखेचं कळवा, आणि परतफेडीच्या योजनेचा कच्चा आराखडा आतापासून करायला घ्या. आदेश झाल्यावर दिवस भराभर जातात.